विठ्ठलवाडीचं कटर मशीन

निवृत्त झाल्यावर माणसाने छंद लावून घ्यावा म्हणतात. मला नव्याने लावायची गरज नव्हती. अंबरनाथच्या एका कारखान्यात, पॅटर्न शॉपमध्ये, मी तीस वर्षं ओतकामाचे लाकडी साचे केले. त्यामुळे बदलापूरला कुळगावात घरामागे पत्र्याची शेड टाकली, तेव्हा बायकोनेही फार कटकट केली नाही. "भुसा घरात आणायचा नाही," एवढंच म्हणाली.

गेल्या वर्षी माझा उजवा हात थरथरायला लागला. आधी फक्त करवत धरली की, मग सही करतानाही. मी कुणाला सांगितलं नाही. शेजाऱ्यांच्या गणपतीसाठी चौरंग केला, तो डुगडुगला, तर म्हटलं लाकूड ओलं निघालं. तीस वर्षांत माझं लाकूड कधी ओलं निघालं नव्हतं, पण शेजाऱ्यांना काय कळतंय!

यंदा मोबाइलवर जाहिरात दिसली. विठ्ठलवाडीला जुनं कटर मशीन विकायचं होतं. लोखंडी टेबल, मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं, खाली मोटर. टेबलावर एक पट्टी असते, फळी तिला चिकटवून ढकलली की काप सरळ येतो. हात थरथरो नाहीतर नाचो. मशीन आलं तर माझी शेड चालू राहणार होती. नाही आलं तर तिथे सायकली आणि फुटक्या कुंड्या जाणार, आणि मी बागेतल्या बाकड्यावर बसून बीपीच्या गोळ्यांवर चर्चा करणार. त्या बाकड्याची मला भीतीच वाटते, खोटं कशाला बोलू.

बायकोला सांगितलं, मशीनने वेळ वाचतो.

"मी पण येते," ती म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. बसते नुसती."

स्कूटर काढायला गेलो तर म्हणे ऊन आहे, रिक्षाने जाऊ. अंबरनाथपर्यंत एक, तिथून दुसरी. हल्ली तिचं सगळ्यातच काहीतरी नवीन. चहासुद्धा मला अर्धा कप देते. दोनदा देते, पण अर्धा. मी कंजूस म्हटलं, तर म्हणे गार होतो. लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्यात कधी गार झाला नाही तो!

फर्निचरवाल्यांच्या गल्लीत मागच्या बाजूला जाहिरातवाल्या मिस्त्रीचं दुकान होतं. पन्नाशीचा माणूस, मूळचा कोकणातला, गुडघे गेले म्हणून काम आवरतं घेत होता. मशीनवर दसऱ्याच्या हळदकुंकवाचे थरावर थर होते. बघून बरं वाटलं. पात्यावरचं कव्हर मात्र नव्हतं.

"कव्हर कुठाय?"

"काका, कव्हर लावून काम कोण करतं?"

बरोबर आहे. आडवं येतं म्हणून पहिल्याच आठवड्यात काढतात, मग ते माळ्यावर जातं. मीही तेच करत आलो.

आमच्या पॅटर्न शॉपची एक रीत होती. जुनं मशीन घ्यायचं तर आधी ते चालवणाऱ्याची बोटं मोजायची. मोटरला रंग मारून फसवता येतं, बोटांचं तसं नाही.

"मिस्त्री, हात दाखवा बघू."

तो हसला. रीत त्यालाही माहीत होती. त्याने दोन्ही पंजे पुढे केले. दहाच्या दहा. डाव्या अंगठ्याचं नख वाकडं होतं, पण तो हातोडीचा प्रताप. मी खूश झालो. शेडमध्ये मशीन कुठल्या कोपऱ्यात ठेवायचं हेही मनात ठरवून टाकलं.

चहा आला, काचेचे ग्लास काठोकाठ भरलेले. बायकोने आपला चहा घाईघाईने संपवला, माझ्यातला अर्धा त्या रिकाम्या ग्लासात ओतला आणि उरलेला मला दिला. मिस्त्री बघत होता. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. परक्या माणसापुढे हे काय चाळे!

"एक फळी मारून बघतो," मी उठलोच.

मिस्त्रीने माझ्या अर्ध्या ग्लासाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मारा."

फळी पट्टीला लावली, बटण दाबलं. हातभर काप झकास गेला. शेवटी फळी संपत आली, बोटं पात्याजवळ आली, आणि तिथे हात नाचला. फळी पट्टीपासून सुटून करकरली. मिस्त्रीने झटकन बटण बंद केलं.

"काका," तो म्हणाला, "आता तुमचे हात दाखवा."

मी ते खिशात घातले.

"मशीन तुम्हाला देत नाही मी."

"का? पैसे कमी पडतायत?"

"पैशाचं नाही हो. उद्या हे मशीन दुसरा कोणी घ्यायला आला आणि त्याने तुमची बोटं मोजली, तर?" मग आवाज उतरवून म्हणाला, "फळीवर रेषा मारून आणा. कापून मी देतो. विकायची घाई नाही मला."

"दुसऱ्याने कापलेलं लाकूड मला चालत नाही," असं म्हणून मी निघालो. तरातरा. बायकोला मागे धावावं लागलं.

रिक्षा अंबरनाथच्या पुढे आल्यावर मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"चहा अर्धा कधीपासून देतेय?"

मी मोजलं. वर्ष होऊन गेलं होतं. म्हणजे मला स्वतःला नीट कळायच्या आधीपासून. मला तिचा राग यायला हवा होता, पण आली ती लाज. वर्षभर मी तिला कंजूस म्हणत होतो.

घरी आल्यावर म्हटलं, "आज पूर्ण भर."

तिने काठोकाठ भरला. मी उजव्या हातानेच उचलला. बशीत सांडला, टेबलावर सांडला, शर्टावरही सांडला. ती फडकं घेऊन उभी राहिली, पण मधे पडली नाही. उरला तेवढा मी प्यायलो. मग मोबाइल तिच्यापुढे सरकवला.

"मिस्त्रीला फोन लाव," म्हटलं. "मला बटणं नीट दाबता येत नाहीत."