मेपलभोवतीचा ढीग

ऑर्लीना फेटरहॉफने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, पण कुठल्या मुलाला एक गोष्ट दोनदा सांगितली नाही. शेजारच्या ड्वेन क्रेब्सला मात्र ती तीन उन्हाळे तेच तेच सांगत होती.

इंडियानातल्या त्या गल्लीत गवत कापताना शेजाऱ्याच्या हद्दीतलाही एक पट्टा कापून द्यायची रीत होती. त्याच पट्ट्यात ऑर्लीनाने निवृत्त झाल्यावर मेपल लावला होता. ड्वेनच्या गवत कापायच्या यंत्राची गरगरणारी नायलॉनची दोरी दर शनिवारी त्याची साल सोलायची.

“ड्वेन, डोळे फुटले का तुझे? झाड आहे ते!”

“बाई, तुमचं गवत फुकट कापतोय. आभार राहू द्या, शिव्या तरी आवरा.”

“तुझे उपकार तुझ्या घरी ठेव.”

शेवटी गल्लीत सगळे करतात तेच तिने केलं. बुंध्याभोवती लाकडाच्या ढलप्यांचा गुडघाभर उंच ढीग रचला. दोरी सालीपर्यंत पोचेना. ड्वेन वळसा घालून जाताना दिसला की ती खिडकीत उभी राहून हसायची.

दोन वर्षांनी, वसंतात, मेपलची पानं विरळ फुटली आणि लगेच पिवळी पडली. ऑर्लीनाने चर्चच्या जेवणात सर्वांदेखत सांगितलं, “क्रेब्सने माझ्या झाडाला विष घातलंय.” मग तिने काउंटीच्या वृक्षतज्ज्ञ योकमबाईंना बोलावलं, आणि तोंडावर ऐकवावं म्हणून ड्वेनलाही.

योकमबाईंनी ढिगात हात घालून ढलप्या उपसल्या. आतली साल काळी, ओली होती. बोटाने दाबताच आत गेली.

“विष नाही. दोरीचे घाव जुने आहेत, भरत आले होते. बुंधा कुजलाय तो या ढिगाखालच्या ओलीने.”

“म्हणजे मी नुसतं ओरखडलं,” ड्वेन म्हणाला, “जिवंत पुरलं तुम्ही.”

ऑर्लीनाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “जगेल का?”

“अर्धी साल शाबूत आहे. आजच मोकळी केलीत तर कदाचित. ढलप्या बुंध्यापासून वीतभर लांब, चार बोटं जाड, रुंद पसरा. गवतच उगवणार नाही, मग यंत्र हवंय कशाला?”

ऑर्लीनाने फावडं आणलं. पसरता पसरता ढलप्या ड्वेनच्या हिरवळीत हातभर शिरल्या.

“ही माझी हद्द आहे, बाई. आणि रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना सांगा, विष नव्हतं म्हणून.”

“सांगेन. पण तुझी दोरी या कडेच्या आत दिसली, तर तुझ्याच गळ्यात घालीन.”

बुंध्याजवळ आल्यावर तिने फावडं बाजूला टाकलं. त्याची धार सालीला लागली असती. ड्वेन बघत उभा असतानाच ती गुडघ्यांवर बसली आणि बोटांनी साल मोकळी करू लागली.