साहेबांचं लग्न आमच्या गाण्यानं लागलं

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतील. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणी उघडलीच तर तेवढं माफ करा. बाकी कशाची माफी मी मागणार नाही.

"मावशी, झाडू ठेव आणि वर स्टेजवर ये," साहेब म्हणाले.

मी तिशीतली. साहेब पन्नाशीचे. तरी मी मावशी.

सिल्वासात कारखान्यांच्या साहेबांची कॉलनी आहे. तिथल्या क्लबच्या हॉलमध्ये मी झाडलोट करायची, चहा करायची. पुण्या-मुंबईकडचे इंजिनीअर आणि त्यांच्या बायका मंडळ करून दर वर्षी नाटक बसवतात. त्या वर्षी जुनं संगीत नाटक घेतलं होतं, विनोदी. मुळात त्यात म्हणे हवेली होती, सरदार होता. यांनी हवेलीची फॅक्टरी केली आणि सरदाराचा प्लांट मॅनेजर. नायिका लॅपटॉप उघडून पद म्हणायची. याला ते 'नवा ढंग' म्हणत. शेवटी मॅनेजर तरुण मुलीशी लग्न करायला निघतो आणि अंधारात भलत्याच बाईशी त्याचं लग्न लागतं. तिथं सगळ्यांनी हसायचं. मॅनेजरचं काम नाटक बसवणाऱ्या साहेबांनी स्वतः घेतलं होतं, मला वर बोलावलं तेच हे. भलती बाई मंडळाच्या सेक्रेटरी मॅडम. साहेबांची बायको, बाईसाहेब, खाली पेटीवर.

त्या लग्नाला साहेबांना 'इथलं काहीतरी' हवं होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं, हिची आई खानवेलकडे लग्नं लावते.

खरं आहे. आम्ही वारली. माझी आई धवलेरी. लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते, आणि आई गाते. एकेका देवाला नावानं बोलावते. तिच्या गाण्यानं लग्न लागतं, दुसऱ्या कशानं नाही. ते गाणं ती मला देत होती, थोडं थोडं करून. निम्मं झालं होतं.

मी चपला खाली काढून स्टेजवर चढले.

"अगं, देऊळ आहे का हे?" मॅडम म्हणाल्या. सगळे हसले. पहिल्या तालमीला त्याच फळ्यांवर नटराजाला नारळ फोडताना हे सगळे अनवाणी उभे होते. नारळाचं पाणी मीच पुसलं होतं, मला माहीत आहे.

मी म्हटलं, "हे लग्नातच गातात."

"मग आपल्याकडे काय बारसं आहे?" साहेब म्हणाले. पुन्हा हसले.

मी गायले. का गायले? नाही म्हणायची लाज वाटली. हे लिहिताना स्वतःचाच राग येतो. त्यांनी मोबाईलवर आवाज भरून घेतला आणि पाच हजार दिले. मी घेतले. मुलीची फी भरली.

प्रयोगाला हॉल भरला. मी विंगेत चहाचा थर्मास घेऊन उभी. लग्नाचा प्रवेश आला आणि स्पीकरमधून माझा आवाज आला. पळवलेला, चिरका, खाली धाडधाड ताल. साहेब कमरेला पानं बांधून आले. पानं! माझा भाऊ राखोलीच्या कारखान्यात पॅन्ट-शर्ट घालून शिफ्टला जातो. कॉलनीच्या गेटवर रोज ओळखपत्र दाखवून मी आत येते. पानं यांनी कुठं बघितली?

देवीचं नाव आलं की साहेब शिंकायचे. नाव, शिंक. नाव, शिंक. पहिल्या रांगेतले पोट धरून हसत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" यांनी सगळं पुन्हा केलं. इतकी शिकलेली माणसं, आणि हसायला शिंक लागते.

रविवारी खानवेलला गेले. आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं.

"कोनाचा लगीन होता?"

"कोनाचा नाय. नाटक होता."

"तू देवांना हाक मारली. ते आले असतील. मग कोनाचा लगीन लावला?"

आई रागावली नाही. चहा दिला. निघताना म्हणाली, "आता पुढला नाय शिकवनार."

त्यानंतर महिन्याभरानं मंडळाला बाहेरगावी स्पर्धेचं बोलावणं आलं. तालमीत मॅडम म्हणाल्या, "मावशी, या वेळी आईलाच घेऊन ये. खऱ्या म्हातारीला बघून लोक वेडे होतील."

"नाही."

"पैसे वाढवून देऊ."

"नाही. रेकॉर्डिंग पण लावायचं नाही."

साहेब पुढे आले. "पाच हजार घेतलेस ना? मग गाणं आमचं झालं. कळतं का तुला?"

मी झाडू भिंतीला लावून ठेवला.

"साहेब, ते गाणं म्हटलं की लग्न लागतं. तुमचं आणि मॅडमचं लागलंय. वन्स मोअर झालं, म्हणजे दोनदा. आमच्याकडे त्याला नाटक म्हणत नाहीत."

कुणी हसलं नाही. बाईसाहेबांनी पेटीवरून हात काढला आणि भाता बंद केला. मॅडमचा चेहरा लाल झाला. "हिला बाहेर काढा आधी!" त्या ओरडल्या. दोन वाक्यं यांच्यावर आली तर यांना विनोद कळेना.

मी स्वतःच बाहेर आले. दुसऱ्या दिवसापासून किलवणीजवळ पॅकिंगच्या कामाला लागले. तिथं मला नावानं हाक मारतात.

ते पाच हजार फेडायला दर पगाराला कॉलनीच्या गेटवर जायची. पहिल्यांदा हजार नेले तेव्हा साहेब म्हणाले, "वेडी आहेस का? राहू दे." मी म्हटलं, "पैसे घ्या आणि कागदावर सही करा." माझ्यासारखीला सही करून देताना त्यांची मान आखडत होती. पाच महिने आखडली.

आई अजून शिकवत नाही. कदाचित कधीच नाही शिकवणार. ते माझ्याकडून गेलं आणि ते भरून देणारं कुणी नाही. पण जे निम्मं माझ्याकडे आहे, ते आता कुठल्याही साहेबाच्या कानावर पडणार नाही. माझ्या मुलीलाही आधी नाही म्हणायला शिकवीन, गाणं मग.

काल शेवटचे हजार दिले. साहेबांकडून कागदावर लिहून घेतलं: पाच हजार पूर्ण मिळाले, गाण्यावर आमच्या मंडळाचा हक्क नाही. मोबाईलमधलं रेकॉर्डिंग माझ्यासमोर पुसायला लावलं. मग त्यांची सही घेतली.