तिन्ही प्रती एका पाटावर

सुधींद्र मास्तरांचा जन्म दुसऱ्यांच्या बेफिकिरीवर चिडण्यात गेला. धारवाडच्या शाळेत भूगोल शिकवत तेव्हा नकाशा उलटा गुंडाळणाऱ्या पोरांवर चिडले, निवृत्त होऊन केलगेरीत घर बांधलं तेव्हा गवंड्यावर चिडले, आणि आता तळ्याकडे फिरायला निघताना कुलूप ओढून न बघणाऱ्या बायकोवर चिडत. स्वतः मात्र फाटकापर्यंत जाऊन परत येत आणि ते कुलूप पुन्हा ओढून बघत. अशा माणसाच्या घरी कॉम्प्युटर आल्यावर काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

एके दिवशी तो कॉम्प्युटर चालूच होईना. निळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत दिलगिरी, बस्स. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानदारानं तो कसाबसा उठवला आणि वर विचारलं, "सर, दुसरी कॉपी काढून ठिवला न्हाई काय?" जन्मभर पोरांना वह्या विसरल्याबद्दल उभं करत आलेल्या माणसाला हा प्रश्न फार झोंबला.

मग मास्तरांनी कंबर कसली. मशीन पुन्हा बसलं तर उठवायला एक पेनड्राइव्ह तयार केला. पण पेनड्राइव्ह नुसतं मशीन उठवतो, आत साठवलेलं परत आणत नाही, हे कळल्यावर त्या साठवलेल्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आणि ती कपाटात ठेवली. घरालाच काही झालं तर, म्हणून आणखी एका डिस्कवर दुसरी प्रत घेऊन ती हुबळीला, देशपांडे नगरात मेहुणीकडे, विमलअक्कांकडे नेऊन दिली. "एक मशीनमध्ये, एक कपाटात, एक परगावी. तिन्ही कधी एका जागी येता कामा नयेत," हे त्यांनी दोघी बहिणींना पाढ्यासारखं ऐकवलं. दोघींनी माना डोलावल्या. मान डोलावणं आणि ऐकणं यांत किती अंतर असतं हे इतकी वर्षं मास्तरकी करूनही त्यांना समजलं नव्हतं, याला काय म्हणावं!

बायकोला, श्रीलक्ष्मीला, त्यांनी डिस्क कुठं खोचायची, निळा दिवा कुठं लागतो, सगळं शिकवलं. "मी उद्या असलो-नसलो तर तुला आलं पाहिजे."

"तुम्ही नसल्यावर हे खोकं उठवून मी काय करू री?" ती म्हणाली. नवऱ्याला 'अहो'च्या जागी कानडी 'री' म्हणायची तिची सवय. तिचा आवाज घोगरा, निम्मा हवेत विरणारा. गळ्याच्या ऑपरेशननंतर तो तसाच राहिला होता.

आणि सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं. घरात प्रत्येकाला वाटे, मास्तर पेन्शनच्या कागदांसाठी जिवाचं रान करताहेत. खरं म्हणजे पेन्शनचे कागद गेले असते तर मास्तरांनी ऑफिसात जाऊन चार माणसांवर ओरडून नवे आणले असते. त्या मशीनमध्ये श्रीलक्ष्मीची गाणी होती. ऑपरेशनच्या आधी ती वाती वळताना, फुलं निवडताना आईकडून शिकलेली पदं म्हणायची, निम्मी कानडी, निम्मी मराठी, आणि मास्तर दाराआड उभे राहून ती गुपचूप टिपून घ्यायचे. ऑपरेशननंतर एकदा त्यांनी तिला बरं वाटावं म्हणून एक पद लावलं. ती ऐकता ऐकता आत निघून गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "ते सगळं पुसून टाका री. मला ऐकवत नाही."

"पुसलं," मास्तर म्हणाले. पुसलं नव्हतं. दुपारी तिचा डोळा लागला की ते कानांवर हेडफोन चढवून तो आवाज ऐकत बसत. मग या प्रती कशासाठी हे तिला सांगणार कसं?

खंडेनवमी आली. घरातली सगळी आयुधं पुजायचा दिवस. मास्तर स्कूटर धुवून आणायला गेले होते. तेवढ्यात विमलअक्का हुबळीहून बसनं आल्या आणि त्यांनी पिशवीतून डिस्क काढून बहिणीच्या हातात ठेवली.

"ज्याचं आयुध त्याच्याच घरी पुजायचं असतं लक्ष्मी. माझ्या घरी बिनपूजेचं बसलं तर दोष मला लागायचा की!"

श्रीलक्ष्मीला ते शंभर टक्के पटलं. तिनं कपाटातली डिस्कही काढली. पाटावर विळी, कात्री, घराच्या किल्ल्यांचा जुडगा मांडला आणि मधोमध कॉम्प्युटर. पण बंद यंत्राची पूजा कशी करायची? शेजारचे लोक गाडी चालू ठेवूनच पूजा करतात. तिनं मशीन सुरू केलं, नवऱ्यानं शिकवलं होतं तशा दोन्ही डिस्क नीट खोचल्या, निळे दिवे लागलेले बघून तिला समाधान वाटलं. पेनड्राइव्हला कुंकवाचं बोट लावलं. मग रिवाजाप्रमाणे कोहळा चिरून त्यात कुंकू कालवलं, वर कापूर ठेवला आणि ओवाळायला घेतला.

मास्तर दारात पोचले तेव्हा तो जड कोहळा तिच्या हातातून कलंडत होता.

लाल पाणी मशीनच्या जाळीतून सरळ आत गेलं. आत फट्‌ झालं, जळका वास सुटला आणि मशीनचा नि दोन्ही डिस्कचे, तिन्ही दिवे एकदम विझले.

"तिन्ही!" मास्तर ओरडले. "तिन्ही एका पाटावर! काय सांगितलं होतं मी? भिंतीला सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं!"

"आयुधच की हो ते," विमलअक्का म्हणाल्या. "त्याला वाळीत टाकायचं का?"

"गप बसा अक्का! तुम्हाला हुबळीत ठेवायला दिलं होतं, माहेरपणाला आणायला नव्हतं दिलं!"

दुकानदारानं मशीनमध्ये नवं सामान-सुमान बसवलं. दोन्ही डिस्क उलट्यासुलट्या करून त्यानं मान हलवली. "करंट आत शिरला सर. काही उरलं न्हाई." कुंकू लागलेला पेनड्राइव्ह मात्र चालला. मास्तरांनी तो घरी आणून खोचला आणि मशीन झोकात उठलं, कोरं करकरीत, जणू या घरात कधी आलंच नव्हतं. मास्तरांना ते फोडून टाकावंसं वाटलं. ते डोक्याला हात लावून बसले.

श्रीलक्ष्मी शेजारी येऊन उभी राहिली. "पेन्शनचे कागद परत मिळतील री. एवढं काय मनाला लावून घेता?"

"पेन्शन गेली खड्ड्यात!" मास्तरांचा बांध फुटला. "तुझा आवाज होता त्यात. सगळा. कुठल्या दुकानात मागू मी तो आता?"

ती त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. 

"पुसलं म्हणून सांगितलं होतंत."

"हो."

"खोटं बोललात."

"हो. आणि खोटंच बरं होतं. आता खरं झालं, बघ." त्यांचं तोंड वाकडं झालं आणि त्यांनी ते खिडकीकडे वळवलं.

श्रीलक्ष्मीनं पदरानं मशीनवरचा राहिलेला कुंकवाचा डाग पुसला. मग खुर्ची ओढून बसली.

"ते टिपून घ्यायचं कसं चालू करता?"

"कशाला?"

"चालू करा म्हणते ना."

तिनं आईचं पद धरलं. पहिली ओळ कशीबशी पार पडली, दुसरीत आवाज फाटला. ती थांबली, खाकरली, तिनं पुन्हा सुरुवात केली. वरचा सूर लागला नाही तिथं तिनं तो नुसता बोलून दाखवला आणि पुढं गेली. मास्तर ओरडले नाहीत. पद संपलं तरी त्यांना टिपणं बंद करायचं सुचलं नाही, शेवटी तिनंच विचारलं, "झालं का ते?"

"झालं."

"आता त्याच्या प्रती काढा. एक हुबळीला नेऊन द्या," ती म्हणाली. "आणि अक्काला सांगा, पूजा करायची असली तर तिथंच कर म्हणावं. दोष लागला तर मला लागू दे."