पाहुणीचे पांढरे मोहरे

माझ्या लेकीची सासू बुद्धिबळ खेळते, हे लग्न ठरवताना मला कोणी सांगितलं नाही. पत्रिका पाहिली, घरदार पाहिलं, संत्र्याची बाग पाहिली. हे तेवढं राहून गेलं. सांगितलं असतं म्हणून काही मी सोयरीक मोडली नसती, पण जरा तयारीनं तरी गेले असते.

आमच्याकडे विहिणीला ईनबाई म्हणतात. माझ्या ईनबाई सौंसरजवळ, बोरगावच्या बाजूला, शेतातल्या घरात राहतात. मी पांढुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. लग्नानंतर पहिल्यांदा लेकीकडे गेले, तेव्हा जेवणं झाल्यावर त्यांनी कपाटातून एक रंग उडालेला पट काढला आणि विचारलं, "खेळता का?"

मी कॉलेजात थोडंफार खेळलेली. म्हटलं, "हाव, खेळते की."

त्यांनी पांढरे मोहरे माझ्यापुढं सरकवले. "पाहुण्याले पांढरे," म्हणाल्या. त्या घरची ती रीतच. आल्याबरोबर पाण्याचा गडवा, आणि खेळायला बसलं की पांढरे. पहिली चाल पाहुण्याची.

पहिली चाल माझी आणि शेवटची त्यांची, असं चार वर्षं चाललं. दर सणावाराला मी जायची आणि हरून यायची. माझा दोष मला माहीत आहे. राग नाकावर. त्यांनी माझं एक प्यादं मारलं की मला दोन मारल्याशिवाय चैन पडायची नाही. मग वजीर घेऊन मी एकटीच त्यांच्या मुलखात घुसायची आणि ईनबाई आपल्या बारक्या बारक्या प्याद्यांनी त्याला असा कोंडायच्या की बाप्पा! वरून विचारायच्या, "चहा ठेवू का अजून?"

लहानपणी भावांसोबत बागेची राखण करता करता त्या हा खेळ शिकल्या. त्यांचे नियम मला आपल्यासारखेच वाटायचे, एक सोडून. त्यांच्या खेळात राजाला आयुष्यात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. अट एकच, तोवर त्याला एकदाही शह बसलेला नको. शह बसला की उडी गेली. मला हे ठाऊक होतं, पण उडीची वेळ येईपर्यंत माझं सैन्य टिकायचंच नाही, म्हणून कधी लक्ष दिलं नाही.

तर ही संक्रांतीची गोष्ट. वाण द्यायला गेले, खेळले, हरले आणि मागच्या अंगणात हात धुवायला गेले. लेक भांडी घासत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आई, तू मुद्दाम हरून राहिली ना?"

"मुद्दाम कायले हरू?"

"पोरीची आई म्हणून. लग्नात पाह्यलं ना मी. त्यायनं काही म्हटलं की तू हाव म्हणे. वऱ्हाड वाढलं, हाव. तारीख बदलली, हाव. आता खेळातही खाली मान घालून बसते."

"अवं, खरंच हरते मी!"

"आता खोटंही बोलून राहिली," ती म्हणाली आणि पातेलं आपटलं. राग तिनं माझाच उचलला आहे.

मग खरी गोष्ट बाहेर आली. सौंसरच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती आणि एप्रिलच्या आत भरायची होती. लेकीनं बी. एड. केलंय, नवऱ्याची काही हरकत नव्हती. पण सासूपुढं तोंड उघडत नव्हतं. मी म्हटलं, मी बोलते. तर तिनं ओल्या हातांनी माझा हात धरला. "नको. तू बोलली की ते हात जोडणंच होईन. तूच इथं वाकून राहिली तर मी कोणत्या तोंडानं बोलू?"

मी वर्गात पाय ठेवला की पोरं अशी चिडीचूप की पंख्याचा आवाज ऐकू येतो, आणि माझीच पोरगी मला वाकलेली समजत होती. खरं सांगितलं तर विश्वास ठेवत नव्हती. म्हणजे आता एकच उपाय होता. एप्रिलच्या आत एकदा तरी जिंकायचं, तेही तिच्या डोळ्यांदेखत.

पांढुर्ण्याला परतले आणि दुसऱ्याच दिवशी पुलावरून सावरगावला गेले. तिथं आमच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे सर राहतात. त्यांना सगळं सांगितलं. ते आधी पोटभर हसले, मग म्हणाले, "मॅडम, तुमच्याजवळ टाइम किती?"

"दोन महिने."

"आणि डोकं?"

"ते गरम आहे, सर."

"मग पाठांतराच्या फंदात पडू नका. तुम्हाले एकच सुरुवात शिकवतो. समोरचा काहीही करो, आपण आपलं घर बांधायचं. पांढऱ्यासाठीच आहे. याले लंडन म्हणतात."

मला पांढरे मिळणार हे पक्कंच होतं. मी लंडन पाहिलेलं नाही, नागपूरच्या पुढं फारशी गेलेली नाही, पण ते लंडन मला फार आवडलं. वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढं. मग काळ्या घरावरचा उंट बाहेर. मग राजापुढचं प्यादं एक घर. घोडा, दुसरं प्यादं, दुसरा उंट, दुसरा घोडा. शेवटी एकाच चालीत राजा आणि हत्ती दोघांना हलवून राजाला कोपऱ्यात हत्तीच्या आड बसवायचं, त्याला किल्लेकोट म्हणतात. तीन प्याद्यांचा उतरता डोंगर तयार होतो आणि त्यामागं सगळं घर निवांत. मारामारी नाही, धावाधाव नाही.

ऐकायला सोपं. पण मी पंधरा दिवस एकच चूक केली. राजापुढचं प्यादं आधी सरकवायची आणि मग उंटाला बाहेर काढायला जायची. तो आतच अडकलेला! सर कपाळावर हात मारायचे. "मॅडम, कुलूप लावलं आणि चावी आत! आधी उंट अंगणात, मग दार बंद." शेवटी मी स्वयंपाकघरात सवय लावली. दूध तापवताना, कणीक मळताना पुटपुटायची, आधी उंट, मग दार. आमचे हे म्हणाले, "तब्येत बरी आहे ना तुझी?" मी म्हटलं, "तुम्ही मध्ये बोलू नका, मी घर बांधून राहिली."

आणि खरं सांगू? मजा यायला लागली. दिवसभर शाळेचा कालवा ऐकून आलेली बाई मी, सरांच्या ओट्यावर बसून शांतपणे आठ चाली मांडायची आणि मनातला सगळा चिखल खाली बसायचा. सरांनी प्यादं मारलं तरी मी लगेच उसळत नव्हते. आधी घर, मग भांडण. हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं, याची थोडी लाज वाटली, पण आनंद जास्त वाटला.

होळीच्या आधी एका शनिवारी सौंसरची बस धरली. जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाची सगळी गर्दी उतरली, मला खिडकी मिळाली आणि उरलेल्या रस्ताभर मी बोटांवर चाली मोजल्या.

त्या दिवशी पहिल्यांदा माझं घर उभं राहिलं. ईनबाईंनी भुवया वर केल्या. मग मी किल्लेकोट केला आणि भांडण पेटलं.

"हे काय? एका चालीत दोन मोहरे?"

"नियमात आहे, ईनबाई."

"कोणाच्या नियमात? शाळेत असंच शिकवता काय लेकरांयले?"

"आणि तुमचा राजा घोड्यासारखा उडतो, ते कोणाच्या नियमात?"

लेक दारात येऊन उभी राहिली. ईनबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या आणि एकदम खदखदून हसल्या. "चला, तुमचा कोट तुम्हाले, माझी उडी मले." तह झाला.

मी त्या दिवशी घोडा पटाच्या मधोमध रोवला, वजीर कडेनं आणला आणि त्यांच्या राजाशेजारच्या प्याद्यावर नेऊन टाकला. "मात!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरचा कुत्रा भुंकला. ईनबाईंनी शांतपणे राजा उचलला आणि अडीच घरं पलीकडे ठेवला. त्याला तोवर शह बसलाच नव्हता, आणि पहिल्याच शहाला उत्तर म्हणून उडी चालते, हे मी कधी विचारलंच नव्हतं. माझा वजीर उघडा पडला. पुढं काय झालं ते सांगत नाही. लेक पाठ फिरवून आत गेली.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "अशा उडीवर माझ्याजवळ औषध नाही, मॅडम. पुस्तकात नाही ते."

पुस्तकात नव्हतं, पण ईनबाईंच्या बोलण्यात होतं. एकदा शह बसला की उडी गेली! वर्गात पाचवा तास चालू असताना मला हे सुचलं आणि मी फळ्यासमोर हसले. पोरं घाबरली.

मार्च संपत आला होता. लेकीचा फोन आला, "चार दिवसांत नाव द्यायचं आहे, आई. जाऊ दे, मी नाहीच देत." रविवारी सकाळच्या बसनं निघाले.

जेवणं झाली, पट आला, पांढरे माझ्यापुढं आले. लेक गहू निवडायचं सूप घेऊन शेजारीच बसली, पण पाहत नव्हती. प्यादं पुढं. उंट अंगणात. दार बंद. मग मी दुसरा उंट त्याच्या जागी न ठेवता थेट पुढं नेला आणि म्हटलं, "शह."

ईनबाईंनी एक प्यादं मध्ये घातलं, उंटाला मागं फिरावं लागलं. त्या हसल्या. "फालतू शह. एक चाल वाया घालवली तुम्ही."

"होते कधी कधी," मी म्हटलं. सर असते तर त्यांनीही चाल वाया गेली असंच म्हटलं असतं.

पुढं मी घर बांधलं. घाई केली नाही. त्यांनी एक प्यादं मारलं, माझा हात शिवशिवला, पण मांडीखाली दाबून ठेवला. घोडा मधोमध गेला. वजीर कडेनं निघाला. ईनबाईंना तो दिसत होता, पण त्या राजाला सोडून माझ्या दुसऱ्या प्याद्याच्या मागं लागल्या. साऱ्या जन्माची सवय! अडचण आली की राजा उडतो, म्हणून त्या बाजूला त्यांनी कधी पहाराच ठेवला नव्हता. मी वजीर त्याच प्याद्यावर नेऊन ठेवला. या वेळी ओरडले नाही. "मात," हळूच म्हटलं.

त्यांनी राजा उचलला, अडीच घरं मोजली, आणि हात तसाच हवेत राहिला.

"शह बसला होता," त्या म्हणाल्या. "मघाशी. तो फालतूवाला."

"हाव."

सूप पाखडायचं थांबलं. ईनबाईंनी हातातला राजा पटावर आडवा ठेवला. मला वाटलं, झालं, आता पोरीच्या संसारात मीच खडा टाकला. मग त्यांनी माझा हात हातात घेतला. "चार वर्षं झाले, ईनबाई, मी वाट पाहून राहिली. मले वाटे तुम्ही मुद्दाम हरता. पोरीची आई म्हणून. लई राग ये मले. म्हटलं, ही बाई मले एवढी लहान समजते काय की मले जिंकवून खूश करते?"

"नाही हो!" मी कळवळून म्हटलं. "खरंच हरत होती मी! दर वेळी! आईची आण!"

"खरंच?"

"खरंच! मले येतच नव्हतं!"

ईनबाई हसायला लागल्या त्या थांबेचनात. मीही हसले, डोळ्यांतून पाणी आलं. लेक आळीपाळीनं आम्हा दोघींकडे पाहत होती. "मंजे मी फालतू रागावून राहिली?" ती म्हणाली, आणि त्याच दमात, सूप मांडीवर तसंच धरून, सासूकडे वळली. "आई, मले सौंसरच्या शाळेत नोकरी करायची आहे. बुधवारपर्यंत नाव द्यायचं आहे."

"मंग दे ना नाव. मले कधी इचारलं तू?"

"आज इचारून राहिली."

"मंग आज हाव."

माझा जीव भांड्यात पडला. लेकीनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नव्हतं. तिनं मान वर करून, स्वतःच्या तोंडानं विचारलं होतं. मला इतका आनंद झाला की मी उगाचच सुपातले गहू निवडायला लागले.

तोवर ईनबाईंनी मोहरे पुन्हा मांडले. पाहते तर काय, माझ्यापुढं काळे.

"पांढरे?" मी विचारलं.

"ते पाहुण्याले. तुम्ही आता कायच्या पाहुण्या?"

माझं सगळं शिक्षण पांढऱ्याचं. काळे मोहरे घेऊन काय करायचं, हे सरांनी एका अक्षरानंही सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासात माझा वजीर कोंडला गेला, दोन्ही हत्ती गेले आणि राजा उघड्यावर पडला. ईनबाईंनी विचारलं, "चहा ठेवू का अजून?"

लेक स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, हरली काय?"

"हाव!"

"मुद्दाम?"

"नाही वं, खरंच!"

"पटलं," ती म्हणाली आणि तिघींचा चहा घेऊन आली.