कौलाची माफी

कौल फोडण्याआधी तो कौलाला कमरेतून वाकून नमस्कार करायचा. मारुतीपुढेही त्याची मान एवढी वाकलेली आम्ही कधी पाहिली नव्हती. विचारलं तर म्हणायचा, "आदी माफी मागाची, मंग फोराचा."

उरणच्या बाजूला मिठागराला लागून आमची आळी. हा जहाजावर खलाशी. जपानच्या बंदरात कराटे शिकला आणि तिथल्या खलाशांत चॅम्पियन ठरला, असं तोच सांगायचा. पुराव्याला पांढऱ्या कपड्यांतला एक फोटो होता. त्यात तो कमी आणि कमरेचा पट्टा जास्त दिसायचा. आम्ही अर्थातच हसलो. मग एका संध्याकाळी त्याने देवळापुढे दोन दगडांवर चार कौलं रचली, वाकला, आणि हाताच्या कडेने एका घावात चारही फोडली. आमची तोंडं उघडी ती उघडीच राहिली. त्या दिवसापासून तो 'आमचा चॅम्पियन' झाला. नावाजलेला माणूस आपला म्हणायला आम्हांला वेळ लागत नाही.

कौलं त्याच्याच घराची. दुसऱ्या कुणाची असणार? आळीत सगळी छपरं पेंढ्याची; कौलारू घर त्याचं एकट्याचं, जहाजाच्या पगारातून बांधलेलं. कुणाकडे पाहुणा आला की आम्ही त्याच्या दारात हजर. "दादा, जरा दाखव रं." तो लगेच शिडी लावायचा. साखरपुडा असो, जत्रा असो, कौलं फुटायचीच. टाळ्या फुकटच्या, त्यामुळे त्या द्यायला आम्ही कधी मागे राहिलो नाही. भोकांवर त्याची बायको पेंढा पसरायची. "जपानान लोका सोताचीच कौला फोरतान का?" एवढंच ती विचारायची. चॅम्पियन शिडी जागेवर नेऊन ठेवायचा. हळूहळू त्याचं घर आमच्या घरांसारखं दिसू लागलं, आणि खरं सांगायचं तर ते आम्हांला बरंच वाटलं.

एकदा शेजारच्या गावचा पहिलवान मुद्दाम बघायला आला. आळी जमली, शिडी लागली. कौलं आता एकाच कोपऱ्यावर उरली होती आणि त्याखाली तान्ह्या पोराचा पाळणा. बायको दारात आली.

"तवरी कौला नको. खाली पोर निजलाय."

तो रिकाम्या हाताने उतरला. पहिलवान म्हणाला, "चॅम्पियन बायकोला भ्याला." सगळ्यांत मोठ्याने आम्हीच हसलो. तेव्हा तो आमच्यासमोर येऊन उभा राहिला, टाचा जुळवल्या आणि कमरेतून वाकला. कौलाला करायचा अगदी तोच नमस्कार. हसणं जागच्या जागी थांबलं. पुढची रांग मागे सरकली, पहिलवानासकट. पण हात काही उठला नाही. शिडी काढून ठेवून तो आत पाळण्यापाशी गेला. हा माणूस मला फार आवडतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या वर्षी तो बायकोपोराला घेऊन मुंबईला गेला. घर बंद आहे, पेंढा केव्हाच कुजला, त्या कोपऱ्यावरची कौलं मात्र शाबूत आहेत. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेतो आणि सांगतो, एवढी मात्र आमच्या चॅम्पियनला फुटली नाहीत.