सासूबाईंचं पांघरूण आणि माझी केमिस्ट्री

काय सांगू तुम्हाला, माणसानं हुशारी जरूर करावी, पण सासूबाईंच्या वस्तूवर करू नये! चहा घ्या आधी. चहा समोर आला की मला हाच किस्सा आठवतो. का, ते कळेलच.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. सरकारी नोकरीत माझी कलकत्त्याला बदली झालेली. बालीगंजला दोन खोल्यांचा नवा संसार. सासूबाईंनी लग्नात क्रोशाचं पांघरूण दिलं होतं. स्वतः विणलेलं! एकेक चौकोन विणायचा आणि मग सगळे एकमेकांना जोडायचे.

लग्न ठरताना त्यांनी एवढंच विचारलं होतं, "मुलगा निर्व्यसनी आहे ना?" मी जोरात मान हलवली होती. अहो, नाहीतर सुधा हातची गेली असती!

थंडीतली रविवारची दुपार. पांघरुणात पाय घालून मी आरामात सिगारेट ओढत होतो. डुलकी लागली. जाग आली ती जळक्या वासानं. एका चौकोनाला मधोमध भोक! बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही? एक दोरा लोंबत होता, तो मी ओढला. तो येतच राहिला! बघता बघता चौकोन उसवला आणि मांडीवर नुसत्या शेवया.

"अहो, पुढच्या आठवड्यात आई येतेय!" सुधा रडकुंडीला आली. तिला क्रोशा येत नव्हता. मी धावलो वरच्या मजल्यावरच्या बंगाली मावशींकडे, आमच्या माशीमांकडे.

"ओ मा! की सर्वनाश!" माशीमांनी कपाळाला हात लावला. "आच्छा, हम बना देगा."

"हुबेहूब चाहिए, माशीमा. मेरी सास आ रही है."

"शाश?" त्यांनी लगेच सुई उचलली.

चौकोन सुरेख झाला. पण पांढराफेक! आणि आमचं पांघरूण तर मोतिया. पिवळ्या दातांत एक नवा दात बसवावा तसं दिसायला लागलं.

"अहो, आईला खरं काय ते सांगून टाकू या," सुधा म्हणाली.

"वेडी आहेस का? बी.एस्सी.ला केमिस्ट्री होती माझी!"

मी कडक चहा उकळला, त्यात मीठ टाकलं आणि चौकोन बुडवला. वाळल्यावर माशीमांनी तो जोडून दिला. रंगाला रंग! कुठला चौकोन नवा ते मलाच सापडेना. काय छाती फुगली म्हणता!

सासूबाई साताऱ्याहून आल्या. हातपाय धुतले आणि पहिलं काय उचललं असेल? पांघरूण! त्यांनी ते उलटंपालटं केलं, नाकाला लावलं आणि ओरडल्या, "सुधे! काय अवतार केलायस हा? पांढरंशुभ्र दिलं होतं मी!"

पांढरंशुभ्र?

अहो, तेव्हा कलकत्त्यात घरोघरी कोळशाच्या शेगड्या. संध्याकाळ झाली की गल्लीभर धूर. दोन हिवाळे तो पांघरुणावर बसत होता आणि मी त्याला मोतिया रंग समजत होतो!

सासूबाईंनी पदर खोचला.

"राहू द्या हो आई, धोब्याला देऊ!"

"धोबी फाडतो."

कढत पाणी, साबण, सोडा, शेवटी नीळ. गच्चीत दोरीवर पांघरूण कसं लखलखत होतं! आणि बरोबर मध्यावर एक तपकिरी चौकोन. सोड्यानं तर चहाचा रंग आणखीच खुलला होता. हे केमिस्ट्रीत होतं, मीच विसरलो होतो. माशीमा गच्चीच्या दारापर्यंत आल्या, एक नजर टाकली आणि आल्या पावली परत गेल्या.

"जावईबापू, हे काय?"

"चहा... चहा सांडला होता, आई."

"अस्सं? चहा सांडला की डाग गोल पडतो. चौकोनी सांडलेला आजच बघतेय. कडेबाहेर थेंब नाही हो गेला!"

सुधानं तोंडाला पदर लावला. मी सगळं कबूल केलं. सिगारेटसुद्धा. सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं, असं झालं मला! त्यांनी शांतपणे तो चौकोन उसवून काढला आणि त्या जागी नवा पांढरा विणून बसवला.

परत जायच्या दिवशी त्यांनी तो तपकिरी चौकोन माझ्या हातात ठेवला. इस्त्री करून!

"ॲशट्रेखाली घाला."

मला इतकी लाज वाटली! "आई, तुमची शप्पथ, सिगारेट सोडली मी!"

सासूबाईंनी माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं आणि हात पुढे केला.

"मग द्या ते पाकीट इकडे. चहात बुडवते."