आक्का आणि रशीदाचा करार

कायद्यानं वागण्यात माझ्या मावसबहिणीचा हात धरणारं माणूस त्या काळी अख्ख्या कुवेतमध्ये नव्हतं. आणि जिथे कायदाच नव्हता तिथे तो स्वतः करून ती वागायची. आम्ही एकाच हॉस्पिटलात होतो, आक्का भूल देणारी डॉक्टर आणि मी लॅबमध्ये. राहायचोही खैतानच्या एकाच इमारतीत, वरखाली. तिची चार वर्षांची मुलगी आणि माझा अडीच वर्षांचा मुलगा, दोघांना रत्नागिरीकडची रशीदा सांभाळायची. घरकामाच्या बायकांना तिथला कामगार कायदा लागू नाही, हे कळल्यावर आक्काला दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी तिनं स्वतःच करार लिहिला, रशीदाला वाचून दाखवला आणि "यात काय पटत नाही ते सांग," म्हणून तिच्यासमोर ठाण मांडून बसली. काहीतरी सांगितल्याशिवाय सुटका नाही हे ओळखून रशीदा म्हणाली, "ताई, मला दुधी नाय आवडत." तेही कलम करारात गेलं.

पगार पहिल्या तारखेला, रशीदाच्या स्वतःच्या बँकखात्यात. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आक्काच्या खर्चानं. पासपोर्ट तुमच्याच कपाटात राहू दे म्हणून रशीदानं किती विनवलं, पण "तो मी ठेवला तर मी चोर," असं म्हणून आक्कानं तो तिच्याच उशाखाली नेऊन ठेवला. शुक्रवारी सक्तीची सुट्टी. रशीदाला जायला कुठे ठिकाण नव्हतं, म्हणून ती घरीच असायची. पण तिनं कप जरी उचलला तरी आक्का तो काढून घ्यायची. "आज तू पाहुणी!" मग रशीदा सोफ्याच्या टोकाला अवघडून बसायची, आक्का तिला आपल्या हातच्या कच्च्या पोळ्या वाढायची, आणि ती माझ्याकडे बघून डोळ्यांनीच धावा करायची. माझी ड्यूटी लांबली की आक्का माझ्याकडून जादा तासांचे पैसे वसूल करायची. "बहीण असशील माझी. रशीदाची नाहीस."

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य शिरलं आणि सगळंच कोलमडलं. बँका बंद, रस्त्यावर रणगाडे. माझा नवरा सुट्टीवर मुंबईत होता, आक्काचे यजमान बोटीवर. हॉस्पिटल आम्हाला सोडेना आणि पोरांना तिथे ठेवायची छाती होईना. पुढे भारतीयांना घेऊन बसगाड्या बसरा-बगदादमार्गे अम्मानला निघू लागल्या. तिथून मुंबईचं विमान. शेजारच्या बायका मालकांच्या कुलपात अडकलेल्या पासपोर्टांसाठी रडत होत्या. रशीदाला मात्र अडवणारं कुणी नव्हतं.

"पोरांना तिच्याबरोबर पाठवून देऊ," मी म्हणाले.

"पाठवून नाही द्यायचं. विचारायचं," आक्का म्हणाली. "हे तिचं काम नाही."

तिनं रशीदाला बसवलं, चहा करून हातात दिला. "वाळवंटातून जायचंय, तेही दोन पोरं घेऊन. नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. आणि पुढचा पगार कधी देता येईल, मला खरंच माहीत नाही."

रशीदानं कप खाली ठेवला. "ताई, हे करारात नाय ना?"

"नाही."

"मग पगाराचं कशाला काढता? माझी पोरं घेऊन मी चाललेय."

आक्काला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही दिसली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

बस गेल्यावर कित्येक आठवडे काही कळलं नाही. आम्ही सुटून मुंबईला पोचलो तेव्हा विमानतळावर माझा मुलगा नवऱ्याच्या खांद्यावर बसलेला दिसला आणि सामान तिथेच टाकून मी धावत सुटले. सरहद्दीवरच्या तळावर, पाण्याच्या रांगेत, रशीदानं दोन्ही पोरं ओढणीनं कमरेला बांधून ठेवली होती म्हणे. आक्काच्या लेकीला तिनं आजीच्या स्वाधीन केलं आणि माझ्या मुलाला देताना नवऱ्याकडून चक्क पोच लिहून घेतली. "डॉक्टरताईंच्या घरात काम केलंय. पोर असंच कसं देऊ?"

कुवेत इराकच्या तावडीतून सुटल्यावर एक्क्याण्णवमध्ये हॉस्पिटलनं आक्काला परत बोलावलं. राहिलेला पगार तिनं इथूनच, दागिने मोडून, आधीच चुकता केला होता. करार संपला होता. रशीदाला पुन्हा परदेशी जायचं नव्हतं. तरी ती निरोप द्यायला रत्नागिरीहून एसटीनं विमानतळावर आली.

"अगं, तू कशाला आलीस?"

"असंच."

यावर काय करायचं असतं ते आक्काला सुचेना. ती नुसती रशीदाचा हात धरून उभी राहिली. माझा मुलगा दोघींच्या मध्ये घुसून काहीतरी बडबडत होता. त्याला आता त्यातलं काहीच आठवत नाही. मला आठवतं.